चार साधू, एक घोडा आणि मागे राहिलेले गाव

किहीमने इतिहासाला एक आडनाव दिले आहे, किहीमकर. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास लिहिला आणि तो छापून निघाला १९३७ साली, थेट तेल अवीवहून. किहीमच्या शेजारी नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी या समाजाची आपल्या उगमाची कथा आहे. ही मंडळी पुढे गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली आणि शेजाऱ्यांच्या तोंडी ‘शनवार तेली’ होऊन गेली. देव वेगळा, सणवार वेगळे, सुट्टीचा दिवसही वेगळा; तरी त्यापायी त्यांना कुणी गावाबाहेर काढले नाही. कोकणाला याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मात्र त्या अभिमानाला जोडून एक वाक्य हमखास येते, की या किनाऱ्यावर धर्मापायी कुणाला त्रास झालाच नाही, झाला तो फिरंग्यांनी केला. हे वाक्य तपासून घ्यायला हवे. किहीमच्या उत्तरेला मांडव्यापलीकडे मुंबईचे पाणी आणि त्याच्या आत ठाण्याची खाडी. दक्षिणेला अलिबाग, आक्षी, नागाव ओलांडले की चौल आणि रेवदंडा, आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लई. एवढ्या टापूत ख्रिस्ती माणसांवर त्यांच्या धर्मापायी, इतर धर्मीयांच्या हातून, आपत्ती आली ती एकदाच नव्हे. त्या प्रसंगांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. इथला छळ शेजाऱ्यांनी केला नाही, अधिकाऱ्यांनी केला. आणि एका अधिकाऱ्याने आरंभलेली गोष्ट दुसऱ्या अधिकाऱ्याला मोडता येत होती. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. ते सोपे दिसते, पण त्यावर घेता येण्याजोगे आक्षेप सोपे नाहीत.

पहिला प्रसंग ठाण्याचा, एप्रिल १३२१चा. त्या वेळचे ठाणे समजून घेतल्याशिवाय तो उलगडत नाही. देवगिरीच्या यादवांचे राज्य संपून तिथे दिल्लीचा अंमल पक्का झाला तो १३१८च्या सुमारास, आणि कोकणातली बंदरे त्याच ओघात दिल्लीच्या ताब्यात गेली. म्हणजे ठाण्याचा मलिक आणि ठाण्याचा काझी हे दोघेही जेमतेम तीन वर्षांपूर्वी बसलेल्या सत्तेचे प्रतिनिधी होते. त्यात १३२० साली दिल्लीतच उलथापालथ झाली. सुलतान मुबारक खलजीचा त्याच्या मर्जीतल्या खुस्रो खानाने खून केला, आणि त्याच वर्षी ग्यासुद्दीन तुघलकाने खुस्रोचा पाडाव करून तख्त घेतले. ठाण्याच्या मलिकाला नव्या धन्याचा स्वभाव अजून कळलेला नव्हता. अशा वेळी दूरच्या बंदरातला अधिकारी एकतर फार सावध वागतो, नाहीतर फार कडक. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या, नेस्टोरियन म्हटल्या जाणाऱ्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. हे ख्रिस्ती नवे नव्हते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने कल्लिआना बंदरात इराणहून नेमून आलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हे कल्लिआना म्हणजे आपले कल्याण असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे यादवांच्या, त्याआधी शिलाहारांच्या काळातही या खाड्यांच्या काठी ख्रिस्ती वस्ती होती आणि तिला तिच्या धर्मावरून कुणी हटकल्याची नोंद नाही. ते आपले व्यापार-उदीम करीत, आणि बंदरात व्यापाऱ्याला देव कुठला हे विचारायची पद्धत नव्हती.

तिथे चार फ्रान्सिस्कन साधू येऊन उतरले. इटलीतल्या तोलेन्तिनोचा वृद्ध थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि तिफ्लिसचा दिमित्री, जो जॉर्जियाचा असून पौर्वात्य भाषा जाणणारा होता. त्यांना होर्मुझहून कोल्लमला जायचे होते. गलबत ठाण्याला लागले. त्यांच्याबरोबर जॉर्डनस नावाचा डोमिनिकन साधू होता, तो सोपारा आणि भडोचच्या बाजूला निघून गेला आणि वाचला. बाकीचे चौघे एका नेस्टोरियन घरात उतरले. एका रात्री त्या घरच्या नवऱ्याने बायकोला मारले. सकाळी बाई काझीकडे फिर्याद घेऊन गेली. काझीने साक्षीदार विचारले तेव्हा ती म्हणाली, घरात चार फिरंगी साधू आहेत, त्यांनी पाहिले आहे. एवढ्यावरून चौघांचा कचेरीशी संबंध आला. काझीपुढे बसलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका माणसाने हे लोक धर्मशास्त्र जाणतात, त्यांना बोलवा आणि वाद घाला, असे सुचवले. वाद येशूवरून सुरू झाला आणि महंमद पैगंबरांवर येऊन थांबला. त्यांच्याविषयी काय म्हणता, असे परतपरत विचारल्यावर थॉमसने अतिशय अपमानकारक उत्तर दिले. मग त्यांना तळपत्या उन्हात बांधून ठेवले, जेम्सला आगीत ढकलले. आगीतून तो धड बाहेर आला असे कथा सांगते. मलिकाने या वेळी त्यांना सोडून दिले आणि खाडीपलीकडच्या वस्तीत नेऊन ठेवले. तो विषय तिथे संपू शकत होता. पण रात्री काझी मलिकाकडे गेला, यांना सोडले तर लोक यांच्या धर्माकडे वळतील असे त्याच्या मनात भरवले, आणि मलिकाने चार हत्यारबंद माणसे पाठवली. त्याच रात्री गावातल्या ख्रिस्त्यांना धरून कैदेत टाकले. ९ एप्रिलला तिघे मारले गेले; चौथा, सिएनाचा पीटर, मागून सापडला आणि ११ तारखेला मारला गेला. जॉर्डनसने प्रेते सोपाऱ्याला नेऊन पुरली. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन तिथे आला, त्याने हाडे उकरून कापडात गुंडाळली आणि समुद्रमार्गे चीनपर्यंत नेली. थॉमसला रोमने १८९४ साली धन्यवादित म्हणून मान्यता दिली.

या हकिगतीवर पहिला आक्षेप असा घेता येईल की ती सांगणारे सगळे ख्रिस्ती आहेत. ओडोरिकचे प्रवासवर्णन भाविकांसाठी लिहिलेले आहे, आग न लागणारा साधू हे संतकथांचे नेहमीचे लक्षण, आणि दिल्लीच्या बादशहाने मलिकाला पकडून आणवले व ठार केले, काझी पळून गेला, हा शेवटही त्याच साच्यातला. आक्षेप खरा आहे आणि आगीची गोष्ट बाजूला ठेवायला काहीच हरकत नाही. मलिकाच्या शेवटावरही मी फार भार टाकणार नाही. पण संतकथेचा साचा ज्या गोष्टी स्वतःहून कधी घालणार नाही त्या इथे आहेत. हुतात्म्यांच्या गौरवासाठी रचलेल्या कथेत नवरा-बायकोचे भांडण कशाला येईल? ख्रिस्ती माणूसच बायकोला मारणारा कशाला असेल? मलिक एकदा त्यांना सोडून देतो, ही गोष्ट जुलमी राजाच्या चित्राला शोभत नाही. हे तपशील घडल्यामुळेच टिकले. शिवाय जॉर्डनस हा त्याच काळातला माणूस आहे. त्याने १३२१च्या ऑक्टोबरात गुजरातेतल्या घोघ्याहून आणि नंतर खुद्द ठाण्याहून पत्रे लिहिली. ज्या गावात चौघे कापले गेले त्याच गावात तो पुढे राहत होता. त्याने आपल्यालाही मार, कैद, दगड सोसावे लागल्याचे लिहिले आहे, म्हणजे ठाण्याचा प्रकार एका रात्रीत संपला असेही नाही. तरी तो राहिला, फिरला, लोकांना बाप्तिस्मा देत गेला आणि १३२९ साली कोल्लमचा बिशप नेमला गेला. संपूर्ण गाव ख्रिस्त्यांच्या जिवावर उठले असते तर हे शक्य नव्हते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि तो आजकाल जास्त ऐकू येतो. परक्या गावात जाऊन दुसऱ्याच्या प्रेषिताचा अपमान करणाऱ्यांना छळाचे बळी कसे म्हणावे? यातही तथ्य आहे. थॉमसचे उत्तर मृत्यू मागून घेणारे होते, आणि हुतात्मा होण्याची आस त्या काळच्या फ्रान्सिस्कनांना होतीच. पण पंधरा घरांतल्या ज्या ख्रिस्त्यांना त्या रात्री कैदेत टाकले त्यांनी कुणाचा अपमान केला होता? त्यांचा दोष एवढाच की त्यांचा आणि त्या साधूंचा देव एक होता. अपमानाची शिक्षा अपमान करणाऱ्याच्या पुढे जाऊन त्याच्या धर्माच्या सगळ्या घरांवर पडली, तिथे शिक्षा संपली आणि छळ सुरू झाला. आणि ही उडी कुणी मारली ते पाहा. बाजाराने नाही, खाडीकाठच्या कोळ्यांनी नाही, ठाण्यातल्या मुसलमान कारागिरांनीही नाही. ती काझीने रात्री मलिकाच्या कानाशी लागून मारायला लावली. धर्म या प्रकरणात निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तो प्रश्नही धर्माचाच होता आणि उत्तरही. पण प्रश्न दुपारी विचारला गेला, माणसे दुपारी सुटली, आणि मेली ती हुकूम निघाल्यावर.

दीडशे वर्षांनी चौलला उतरलेल्या एका ख्रिस्त्याची गोष्ट याहून लहान आहे, कुणी मेले नाही म्हणून कमी सांगितली जाते. माझ्या मते मात्र ती जास्त बोलकी आहे. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी १४७०च्या आगेमागे चौल बंदरात आला. बरोबर एक घोडा होता. दख्खनेत चांगला घोडा पैदा होत नव्हता, तो समुद्रापलीकडून यायचा आणि सोन्याच्या भावाने विकला जायचा. बहमनी सैन्याची ताकद त्या आयातीवर उभी होती. निकितिन पालीवरून जुन्नरला गेला. जुन्नरचा असद खान हा बहमनी वजीर महमूद गावानच्या हाताखालचा सरदार. त्याने घोडा हिसकावून घेतला, आणि हा मुसलमान नसून रशियाचा ख्रिस्ती आहे हे कळल्यावर अट घातली: धर्म बदललास तर घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा, नाही बदललास तर घोडा गेला आणि हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची. त्या चार दिवसांत खोरासानचा ख्वाजा महंमद नावाचा एक माणूस जुन्नरला आला, निकितिनने त्याचे पाय धरले, आणि त्याने खानाकडे रदबदली करून घोडा आणि धर्म दोन्ही परत मिळवून दिले. असद खानही मुसलमान, ख्वाजा महंमदही मुसलमान. एकाने अधिकार वापरून गळा धरला, दुसऱ्याने वजन वापरून तो सोडवला. आणि सगळा मामला मुळात घोड्याचा होता, हे नजरेआड करू नये. खानाला निकितिनच्या आत्म्याची किती फिकीर होती ते त्या हजार मोहरांवरून दिसते. धर्म हा इथे ज्याच्या मागे कुणी नाही त्याला लुबाडण्याचा सोयीचा रस्ता होता.

निकितिन पुढे बिदरला गेला. प्रवासात तो ख्वाजा युसूफ खोरासानी असे नाव लावून वावरत होता, इतका तो धडा त्याला पुरला होता. मात्र हिंदू ओळखीच्या लोकांना त्याने आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे उघड सांगितले, तेव्हा ते त्याच्यापुढे आपले खाणेपिणे, घरच्या बायका लपवेनासे झाले, असे त्याने लिहिले आहे. आपल्या देशबांधवांना मात्र त्याने कडवट सल्ला दिला, की हिंदुस्थानात व्यापाराला यायचे असेल तर आपला धर्म रशियात ठेवून या. आज रेवदंड्यात त्याच्या नावाचा स्तंभ आहे. घोड्याची गोष्ट मात्र जुन्नरच्या वाटेवरच राहिली.

सोळाव्या शतकात चित्र फिरते, कारण ख्रिस्ती माणूस आता एकटा राहिला नाही, त्याच्या मागे तोफा उभ्या राहिल्या. पोर्तुगिजांनी रेवदंड्यात १५१६ साली वखार आणि १५२१ साली किल्ला घातला. १५७०च्या डिसेंबरपासून १५७१च्या पावसाळ्यापर्यंत मूर्तजा निजामशहाने त्याला वेढा घातला, त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर आणि कालिकतचा सामुरी चालियमवर चालून गेला. वेढ्यात चर्च आणि मठ यांच्या भिंतींवर लढाई झाली, म्हणून काही जण याला ख्रिस्त्यांवरचे संकट म्हणतात. ते लढाईचे संकट होते. त्या युतीत हिंदू सामुरी होता, आणि भांडण पोर्तुगिजांनी समुद्रावर लादलेल्या परवान्यांचे होते. लढाईला छळ म्हटले की खऱ्या छळाचे वजन कमी होते, एवढे नोंदवून पुढे जावे.

मात्र पोर्तुगीज काळाबद्दल बोलताना एक गोष्ट टाळणे अप्रामाणिक ठरेल. गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशनचे न्यायालय होते, त्याचे प्रतिनिधी वसई-चौलच्या उत्तर प्रांतातही होते. हिंदूंच्या अनाथ मुलांना पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम, देवळे पाडणे, लग्न-मुंजीसारख्या विधींवर बंदी, हे सगळे कागदोपत्री आहे. गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या साष्टीतल्या माणसांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घातले ते याच जाचापायी. हेही अधिकाऱ्यांचेच काम होते हे लक्षात घ्या. साष्टीचा ख्रिस्ती कोळी उठून शेजारच्या हिंदूचे देऊळ पाडीत नव्हता, हुकूम गोव्याहून येत होता. तर प्रश्न असा, की १७३७ साली मराठ्यांची मोहीम सुरू झाली, मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली, आणि पुढच्या वर्षी तहाने चौल-रेवदंडाही मराठ्यांकडे आला, तेव्हा या दोनशे वर्षांच्या जाचाचा सूड त्या प्रांतातल्या हजारो ख्रिस्ती कुणबी-कोळ्यांवर उगवला की नाही?

सूड उगवायला सगळी सामग्री हाताशी होती. दोन वर्षांच्या मोहिमेत मराठ्यांची माणसे फार पडली होती. वज्रेश्वरीला नवस बोलले गेले होते. तरी शरणागतीच्या अटींत पोर्तुगीज शिबंदीला हत्यारे, निशाण आणि वाजंत्री घेऊन बाहेर पडायची मुभा होती, ज्यांना राहायचे त्यांच्या धर्माला हात लावायचा नाही असे कलम होते, आणि काही चर्च राखून ठेवायचेही ठरले. कलमे लिहिली म्हणजे पाळली जातात असे नाही, म्हणून नंतरचा पुरावा महत्त्वाचा. वसई पडल्याला वीस वर्षे झाली असताना, १७६०च्या सुमारास, आंकेतिल द्यू पेरॉं हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला. अवेस्ता वाचायला आलेला हा विद्वान मराठ्यांचा मिंधा नव्हता. त्याला ठाण्याच्या चर्चमध्ये गोव्याच्या तोडीच्या थाटात सण साजरा होताना, हजारो ख्रिस्ती मिरवणुकीत चालताना आणि त्यांना कुणी अडवत नसताना दिसले. ज्या ठाण्यात १३२१ साली ख्रिस्त्यांची पंधरा घरे एका रात्रीत कैदेत गेली होती, त्याच ठाण्यातली ही गोष्ट.

मराठ्यांच्या सहिष्णुतेची ही पावती म्हणून छातीवर लावायला कुणाचाही हात पुढे येईल. तो थोडा थांबवावा. युरोपी पाद्री निघून गेले, त्यांच्या जागी गोव्याकडचे एतद्देशीय पाद्री आले. चर्चची वतने आणि जमिनींचे उत्पन्न गेले, तेव्हा मोठमोठ्या इमारती राखायला कुणी उरले नाही आणि कित्येक चर्च छपरे गमावून पडीक झाली. घंटा तर लूट म्हणून देशभर वाटल्या गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे. मराठी माणूस त्या घंटा पाहतो तेव्हा त्याला विजय आठवतो. वसईच्या शेतकऱ्याने त्या बैलगाडीवरून जाताना पाहिल्या असतील तर त्याला काय वाटले असेल, हेही त्या घंटांच्या इतिहासात मोडते. कोर्लईच्या किल्ल्यावर सुभानराव माणकरांनी सान दियेगो बुरुजाचा पुस्ती बुरूज आणि सान फ्रान्सिस्को बुरुजाचा गणेश बुरूज केला. हा जेत्याचा मान मिरवण्याचा भाग झाला. पण माणसांना त्यांनी हात लावला नाही, आणि त्याचे कारण मला उदारपणाइतकेच हिशेबात दिसते. साष्टी आणि वसईची भातखाचरे, मिठागरे, मासेमारी ही बऱ्याच अंशी ख्रिस्ती हातांनी चालत होती. त्यांना पळवून लावले असते तर सारा कुणी भरला असता? १७३९च्या दफ्तरात बसलेल्या कारकुनाला जे कळले ते १३२१च्या मलिकाला कळले नाही, कारण त्याच्या बंदरात ख्रिस्त्यांची पंधराच घरे होती आणि त्यांच्यावाचून त्याचे काही अडत नव्हते. मोठ्या संख्येचे, कामाचे अल्पसंख्य आणि मूठभर, परके अल्पसंख्य यांत अधिकारी फरक करतो. ही बाब सुखावणारी नाही, पण पुरावा तिकडेच बोट दाखवतो.

आता सर्वांत जड आक्षेप. अधिकारी नव्हते तिथे छळ नव्हताच असे म्हटले तर जातीचे काय करायचे? पंचायतीने वाळीत टाकायला ना काझी लागतो ना खान. साष्टीत १८२० आणि १८२८ साली काही ख्रिस्ती आगऱ्यांना परत हिंदू करून घेतले गेले. ते उरप आगरी म्हणून ओळखले गेले आणि जुन्या आगऱ्यांनी त्यांच्याशी पंगत आणि सोयरीक बंदच ठेवली. ज्यांनी धर्म सोडला त्यांना बाहेर ठेवले, आणि जे परत आले त्यांनाही. मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, न्यायालयाने त्याला आई-बापांकडे परत धाडले, आणि मग त्या पोराला जातीत घ्यायचे की नाही यावर ब्राह्मणवर्गात वर्षभर रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी घ्यावे अशी बाजू घेतली म्हणून त्यांनाही शिव्या खाव्या लागल्या. धर्मांतरित मराठी माणसाला विहीर, वाडा, आई-बाप, बायको सगळे गमवावे लागे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांच्यापर्यंत पोचायला पाच वर्षे लागली. या दुःखात एकही शिक्का नाही, एकही हुकूम नाही. इथे शेजाऱ्यानेच दार लावले.

आक्षेप मी अर्धा मान्य करतो. अर्धाच, कारण वाळीत टाकण्याला जी धार होती तीही बऱ्याच अंशी कायद्याने दिलेली होती. धर्म सोडलेल्या हिंदूचा वडिलार्जित मिळकतीवरचा हक्क बुडत होता, आणि तो बुडवणारे न्यायालय होते. १८५० सालच्या एकविसाव्या कायद्याने, धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असे ठरवले. त्याविरुद्ध मद्रास-बंगालकडून मोठे अर्ज गेले. विरोधकांना नेमके ठाऊक होते की धाक पंगतीचा कमी आणि मिळकत हातातून जाण्याचा जास्त होता. कायदा झाल्यावर माणसे एकमेकांच्या पंगतीला बसू लागली नाहीत, पण वाळीत टाकलेला माणूस निदान उपाशी मरेनासा झाला. शेजाऱ्याचा दुरावा आणि अधिकाऱ्याचा छळ या दोन गोष्टी आहेत, आणि पहिली माणसाला एकटे करते तेव्हा दुसरीचे काम हलके होते, एवढे मला माझ्या मूळ म्हणण्यात दुरुस्त करून घ्यावे लागते. ठाण्याचे पंधरा उंबरे एकटे नसते तर ती रात्र तशी गेली नसती. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांना केरळात सापडला तसा जुना ख्रिस्ती समाज इथे हाताशी धरायला मिळाला नाही.

दुरावा आणि छळ यांतला हा फरक कुठे नीट पाहायचा असेल तर तो कोर्लईत. १७४० साली रेवदंड्यातले साहेबलोक, त्यांची कुटुंबे, ज्यांच्यापाशी गलबताचे भाडे होते ते सगळे गोव्याला निघून गेले. ज्यांच्यापाशी काही नव्हते ते शेतमजूर, नावाडी, किल्ल्यावरच्या शिपायांच्या पोरी, बहुतेक खालच्या मानलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेले, ते खाडीपलीकडे कोर्लईत राहिले. मराठ्यांनी त्यांना हटकले नाही, आंग्र्यांनी नाही, १८१८ नंतर इंग्रजांनी नाही. आणि कुणी त्यांच्यात मिसळलेही नाही. आजूबाजूला मराठी बोलणारे हिंदू, मुसलमान, कोळी. या गावच्या मुली बाहेर दिल्या जात नव्हत्या, बाहेरच्या सुना आत येत नव्हत्या. एवढी घट्ट कोंडी झाल्यामुळे एक गोष्ट आत जिवंत राहिली, ती म्हणजे गेलेल्या मालकांची भाषा. मराठीच्या वळणावर गेलेली, क्रियापद वाक्याच्या शेवटी नेणारी, पण शब्दांनी पोर्तुगीज अशी बोली कोर्लईत हजारभर लोक अजून घरात बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली अख्खे पुस्तक लिहिले. चर्चमधली प्रार्थना विसाव्या शतकाच्या साठीपर्यंत पोर्तुगिजात चालायची. गोवा मुक्त झाला, तिकडचे पाद्री येईनासे झाले, मग मिस्सा मराठीत सुरू झाली आणि पोरे मराठी शाळेत जाऊ लागली. त्यांना कुणी तुमच्या भाषेचे नाव काय म्हणून विचारले तर ते पोर्तुगीज म्हणत नाहीत, कोर्लई म्हणत नाहीत. ‘नौ लिंग’ म्हणतात. म्हणजे आमची बोली.